बाबांच्या हयातीचा दाखला

मी यवतमाळच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतो. आधुनिक युरोपीय विचारवंतांनी माणसाच्या 'समोर असण्या'वर केलेला ऊहापोह हा माझा लाडका विषय. समोरचा माणूस पुरता समोर असतो हा आपला भ्रम आहे, असं मी दरवर्षी सांगतो. तो बोलेपर्यंत क्षण निघून गेलेला असतो. आपल्या हाती उरतात त्या नुसत्या खुणा. पोरं परीक्षेपुरतं लिहून घेतात आणि मी उगाच फुशारतो.

बाबा उमरखेडला एकटे राहतात. निवृत्त शिक्षक. पेन्शन चालू राहावी म्हणून दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन जिवंत असल्याचा, म्हणजे हयातीचा दाखला द्यावा लागे. बाबा इस्त्रीचा पांढरा सदरा घालत, मी सोबत जाई. बँकेच्या बाकावर त्यांच्या वेळचे सगळे गुरुजी जमलेले असत. "हायेस काय रे अजून?" असं एकमेकांना विचारून पोटभर हसत. मला मात्र त्या रांगेचा वैताग येई.

आता हा दाखला फोनवरूनही देता येतो, म्हणून यंदा मी शहाणपणा केला. सदरा घालून तयार बसलेल्या बाबांसमोर फोन धरला आणि पडद्यावरच्या गोलात त्यांचा चेहरा बसवला. डोळे मिचकावा, असं फोनवर आलं. त्यांनी मिचकावले. दाखला गेला. मग कानात इअरफोन घालून मी कॉलेजची मीटिंग ऐकत बसलो आणि दुपारच्या एसटीने परतलो.

आठ दिवसांनी बँकेतून फोन आला. तिथला कारकून माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, "सर, बाबा सकाळपासून बाकावर बसून आहेत. काम झालंय म्हटलं तरी उठत नाहीत."

संध्याकाळी फोनवर मी बाबांवर चिडलोच. "कायले गेलते बाबा? दाखला देल्ला ना आपण!"

"कोन कोन हाय, ते पाह्याले गेलतो," बाबा म्हणाले. "कोनीच नव्हतं. सगळ्यायच्या पोरायनं घरीच डोये मिचकावून घेतले असतीन."

"मले सांगायचं ना. मी आलतो की त्या दिवशी."

"आलता. पन फोननं पाह्यलं मले. तू कधी पाह्यलं?"

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. लाज वाटली. फोन ठेवल्यावर मी त्या दिवशीचा बाबांचा चेहरा आठवायला बसलो. पुन्हा पुन्हा आठवला तो फोनवरच्या गोलातला, डोळे मिचकावणारा.