पाडव्याला बोललेलं खोटं
हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. पाडव्याला लिंबाची कोवळी पानं गुळासोबत चावली, की मला सात-आठ वर्षांमागची एक सकाळ आठवते. आमच्याकडं त्याच दिवशी शेतातल्या सालगड्याचं साल, म्हणजे वर्षाचा पगार, ठरतं. आमचा गडी धुतलेला सदरा घालून बायकोसोबत ओसरीवर बसला होता. "गुरुजी, तेल म्हणू नका, गॅस म्हणू नका, समदं लय वाढलंय. पोरीला नर्सिंगला घालायचंय. औंदा साल थोडं वाढवा," तो म्हणाला. त्याच महिन्यात माझा महागाई भत्ता वाढून फरकासकट खात्यावर जमा झाला होता. तरी मी म्हणालो, "माझा पगार तरी कुठं वाढलाय?" त्याची बायको हसली, "घ्या! गुरुजींचं बी आपल्यासारखंच हाय म्हणा की!" मग तोच मला समजावत म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग. हाय त्यात भागवू आमी." चार दिवसांनी त्यांच्या घरून तुरीची डाळ आली, गुरुजींची ओढाताण चाललीय म्हणून. ती मी मुकाट्यानं खाल्ली. पोर ते वर्ष कापूस वेचत राहिली, पण पुढच्या वर्षी स्वतःच्या मजुरीवर गेलीच शिकायला. आता परभणीत नर्स आहे. यंदा त्यानं मागायच्या आधीच मी साल चांगलं वाढवलं. "पगार वाढला वाटतं, गुरुजी?" त्यानं हसत विचारलं. मी हो म्हणालो. रविवारी पोर गावी येणार आहे. माझा पगार तेव्हाही वाढला होता, हे बापलेकीला समोर बसून सांगायचं माझं देणं अजून बाकी आहे.