सुतकाचा वाटा

तळोद्याच्या अलीकडे, सातपुड्यातून उतरणाऱ्या एका नाल्यावर आमच्या गावाचा मातीचा बांध होता. पावसाचं पाणी त्याच्यामागे साठायचं, जिरायचं, खालच्या विहिरींना पाझर सुटायचा आणि त्यावर गहू-हरभरा निघायचा. इंग्रजांचं राज्य होतं, आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. वर्षा-दोन वर्षांनी एखादा साहेब घोड्यावरून यायचा, बांध बघून मान हलवायचा आणि जायचा. सरकारचा हातभार एवढाच. बाकी बांध गावाने बांधला आणि गावानेच राखला.

दर उन्हाळ्यात तो डागडुजीला यायचा. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आटोपला, माहेरी गेलेल्या सुना परतल्या की जाणती माणसं दोरी घेऊन बांधावर चढत आणि प्रत्येक घराला त्याचा वाटा मोजून देत. आमच्या घराला बारा हात, शेजारच्या जिजीच्या घराला सहा हात, असं. ज्याने त्याने आपला वाटा भरायचा. वाटा भरला तर पाण्यावर हक्क, नाही भरला तर नाही. पुरुष माती टाकत आणि धुम्मसाने ठोकत. धुम्मस म्हणजे दोघांनी उचलून आपटायचं जड लाकूड. बायकांनी विहिरीवरून पाणी आणून मातीचा एकेक थर भिजवायचा. थर ओला असेल तरच माती माती धरते. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, म्हणून तर पुढचं सांगायला मला लाज वाटते.

जिजी आमच्या भाऊबंदांतली नव्हती, पण भिंतीला भिंत होती. चाळिशीची, मूलबाळ नसलेली, जिभेने तिखट. लग्नानंतर चार वर्षांत माझं पोट दोनदा खाली झालं. दुसऱ्या वेळी सासू तोंड फिरवून बसली. जिजीने मला महिनाभर डिंकाची पेज पाजली, आणि मी रडायला लागले की म्हणायची, ‘रडीसन काय पोर व्हस? जेव आधी.’ तिच्याइतकं जवळचं माणूस त्या गावात मला दुसरं नव्हतं.

त्या वर्षी जेठ महिन्यात जिजीचा नवरा हिवतापाने गेला. बांधाचं काम संपत आलं होतं. फक्त त्यांचे सहा हात उरले होते. सुतकातल्या माणसाने बांधाला हात लावायचा नाही, पाणी विटाळतं, असा गावाचा नियम होता. अशा वेळी तो वाटा शेजारच्या घराने भरायचा. नियम तसा चांगला होता. कोणाच्या घरी मरण आलं म्हणून त्याचा पाण्यावरचा हक्क बुडू नये, हाच त्याचा हेतू. मृग तोंडावर आला होता, दहा दिवस थांबायला सवड नव्हती. ते सहा हात आमच्यावर आले.

मला तेव्हा तिसरा महिना होता. सासूला ठाऊक होतं आणि जिजीला. माझ्या नवऱ्यालासुद्धा धड सांगितलेलं नव्हतं. नवरा आणि सासरे धुम्मस मारत होते, मी पाणी घेऊन निघाले, तर सासूने वाटेतच माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवला.

‘सुतकना वाटावर तुन्हा पाय पडाले नको. दोन गयात, आते हाऊ तरी ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली.

ती स्वतः पाणी आणेल असं मला वाटलं. तिने आणलं नाही. तिचे गुडघे गेलेले, विहीर लांब. दुसऱ्या कोणा बाईला बोलवावं तर सून का येत नाही हे सांगावं लागणार, आणि तीन महिने भरेपर्यंत ते कोणाला सांगायचं नव्हतं.

वरून नवरा ओरडला, ‘फुफाटा उडी ऱ्हायना! पानी आना!’

‘तसंच ठोक. वरला थर वल्ला करी टाकसूत,’ सासूने सांगितलं.

सासऱ्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि धुम्मस उचलला. ओल्या मातीवर धुम्मस पडला की जाड, बसका आवाज येतो. कोरड्या मातीवर तो ठण्ण वाजतो. तो आवाज मी दोन दिवस ऐकला. आजही कुठे रस्त्याचं काम चाललेलं असलं की मी कान झाकून घेते. म्हातारीला आवाज सहन होत नाही म्हणून नातवंडं हसतात. हसू देत.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुरुष जेवायला गेले. मी बांधाखालच्या लिंबाच्या सावलीत टेकले होते. तेवढ्यात जिजी आली. सुतकाचा पाचवा दिवस, मोकळे केस, डोक्यावर हंडा. ती आपल्या सहा हातांवर चढली, वाकून चिमूटभर माती बोटांत चुरली आणि हंडा ओतला. माती फसफसून पाणी पिऊन टाकू लागली. मग तिने मला पाहिलं.

‘कोल्ली माती पानी धरत नही व माय,’ ती एवढंच म्हणाली. कोल्ली म्हणजे कोरडी. रागावली नव्हती. मी पाणी का आणत नाही ते तिला कळलं असणार. तिने आणखी दोन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला माझी सासू घराकडून येताना दिसली, तशी ती खाली उतरून गेली, पण सासूने तिला पाहिलंच. संध्याकाळी वरचा थर भिजवून, चोपून गुळगुळीत केला. बघणाऱ्याला काही कळलं नसतं.

श्रावणात पाच दिवस झड लागली. बांध काठोकाठ भरला. सहाव्या दिवशी दुपारी जिजीच्या सहा हातांमधून आधी गढूळ धार आली, मग पाणी आणि माती एकदमच गेली. माणूस कोणी मेलं नाही. पण खालची शेतं गोट्यांनी भरली, उभी ज्वारी झोपली, आणि वर्षभराचं पाणी घटकाभरात तापीकडे निघून गेलं. गाव काठावर उभं राहून बघत होतं. कोणी रडत नव्हतं. ते बघणं रडण्यापेक्षा वाईट होतं.

आठ दिवसांनी मारुतीच्या पारावर पंच बसले. वाटा भरला आम्ही, तेव्हा आधी सासऱ्यांनाच विचारलं. ते खाली मान घालून बसले. तेव्हा माझी सासू पुढे झाली आणि म्हणाली, की जिजी सुतकात बांधावर चढली होती, आपल्या हाताने पाणी घालत होती, म्हणून पाणी कोपलं.

‘मन्ही सूनले इचारा. तिनी देखेल शे.’

मला पुढे बोलावलं. पंचांत एक पांढऱ्या मिशांचे आजोबा होते, फार मायाळू. त्यांनी हळूच विचारलं, ‘खरं सांग बेटा. तिनी बांधवर पानी टाकं का? तू देखं का?’

जिजी समोरच बसली होती. तिच्याकडे न बघता मी म्हटलं, ‘हा. देखं.’

खरं तेच सांगितलं. पण पाणी का टाकलं, हे कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पोटात सहावा महिना होता. त्या पाराभोवती शंभर माणसं भुकेच्या भीतीने चिडलेली उभी होती, आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरली. मला वाटलं आता जिजी बोलेल. तिखट जिभेची बाई, एका वाक्यात आमचं घर उघडं पाडेल. तीही बोलली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी डोळ्यांनी पाहिली, आणि चोर आम्ही होतो.

पंचांनी तिची दोरी तोडली. म्हणजे बांधात वाटा नाही, पाण्यावर हक्क नाही, तिची गाय गावाच्या पाण्यावर यायची नाही. असं माणूस गावात किती दिवस काढणार? दिवाळीच्या आत ती गाय घेऊन भावाकडे नवापूरच्या बाजूला निघून गेली. जाताना आमच्या दारावरूनच गेली. मी दार लावून आत बसले होते.

मला मुलगी झाली, जगली, गुटगुटीत निघाली. सासूने गावभर पेढे वाटले आणि मला एकटीला गाठून म्हणाली, बघ, नाही गेलीस त्या मातीवर ते बरंच झालं. मी तिच्या अंगावर ओरडले. आयुष्यात तेवढं एकदाच.

बांध दुसऱ्या वर्षी पुन्हा उभा राहिला. पण भर दुपारी बांधावर जायला बायका कचरू लागल्या. म्हणायच्या, मोकळ्या केसांची एक बाई डोक्यावर हंडा घेऊन त्या सहा हातांवर फिरते. पोरांना भीती घालायला तिचं नाव घेत. ती बाई नवापूरकडे जिवंत होती, भाकरी थापत होती, आणि आमच्या गावाने तिचं भूत करून टाकलं. मला या मूर्खपणाचा संताप यायचा. पण एकदा वैशाखात गुरं बघायला गेले असताना मलाही ती दिसली. वाकली होती, बोटांत माती चुरत होती. मी पळाले नाही. खाली बसले आणि पुष्कळ वेळाने घरी आले.

बारा वर्षांनी मी मुलीला घेऊन प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीवर अंघोळीला गेले होते. घाटावर जिजी भेटली. वाळली होती, दात गेले होते. तिने माझ्या मुलीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मला राहवलं नाही. मुलीला कपडे वाळत घालायला पाठवलं आणि विचारलं, ‘जिजी, तुम्ही तवय काबर नही बोलनात?’

ती आश्चर्याने माझ्याकडे बघत राहिली, इतकं साधं मला कळत नाही म्हणून.

‘तुन्हा पोटमा जीव व्हता. मन्हा तोंडमाईन नाव निंघतं ते समदं गाव तुन्हा आंगवर येतं. तिसरं बी गयं असतं,’ ती म्हणाली.

मी तिच्या पायांशी बसून राहिले. तिने माझे ओले केस पिळून दिले, मी आजारी असताना द्यायची तसे. मग थोड्या वेळाने, लाजल्यासारखी होऊन, तिने विचारलं, ‘गावमा माले कोनी याद करस का व?’

मी म्हटलं, ‘करतस, जिजी. समदा करतस.’

तिचा चेहरा असा खुलला, की मला तापीत उडी घ्यावीशी वाटली.