चिंचेतल्या पुंगळ्या

अंकलच्या पुंगळ्या मी चिंचेत घातल्या, हे माझ्या नवऱ्याला अजून माहीत नाही. तो जहाजावर इंजिनिअर आहे, वर्षातले आठ महिने समुद्रावर. त्याला कळलं तर पुढची दहा वर्षं तो मला चिडवत राहील, आणि तेवढी सहनशक्ती माझ्यात नाही.

मी सिंगापुरात बेडोकला राहते आणि चांगी बिझनेस पार्कमधल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. मुलगी शिकायला लांब गेली, शनिवार अंगावर येऊ लागले, तेव्हा एका मैत्रिणीच्या नादाने मी पिस्तूल नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं. मैत्रीण दोन महिन्यांत गळाली, मी टिकले. नेम माझा बेताचाच. पण शस्त्रागाराच्या मागच्या खोलीत अंकल बसायचे, आणि मला रेंजपेक्षा ती खोलीच जास्त आवडायला लागली.

अंकल म्हणजे सत्तरी ओलांडलेले चिनी गृहस्थ. सगळी नोकरी जुरोंगच्या कारखान्यात लेथवर झालेली. त्या घरघरीने त्यांचे कान जवळजवळ निकामी केले होते. मी सत्तेचाळीस वर्षांची घोडी, तरी ते मला 'गर्ल' म्हणायचे. त्यांचं एक जुनं पिस्तूल क्लबात ठेवलेलं होतं. त्याला लागणारं काडतूस भलतंच चमत्कारिक. करंगळीच्या दोन पेरांएवढं, आणि वर बाटलीसारखी निमुळती मान. ते आता कुठे मिळत नाही. म्हणून गोळी झाडून झाल्यावर उरलेल्या पितळी पुंगळ्याच साफ करून, मान पुन्हा आकाराला आणून, दारू नि गोळी घालून परत परत भरायच्या. सिंगापुरात हा उद्योग घरी करण्याची बातच नको. एक रिकामी पुंगळी चुकून पर्समध्ये राहिली तरी पोलिसांत जावं लागेल. क्लबाच्या परवानगीने, त्या कुलपातल्या खोलीत, सेक्रेटरीच्या डोळ्यांदेखत सगळं चालायचं.

यंदाची स्पर्धा त्या पिस्तुलाची शेवटची होती. नंतर परवाना संपणार आणि पिस्तूल जमा करायचं, असं अंकलनी ठरवलं होतं. "थर्टी शॉट्स, गर्ल," ते मला म्हणाले, "दॅट्स ऑल आय वाँट लाह." स्पर्धेच्या तीस गोळ्या, त्या जुन्या पिस्तुलातून, एवढंच. पुंगळ्या उरल्या होत्या अठ्ठावन्न.

स्पर्धेच्या तीन आठवडे आधी अंकल मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घ्यायला गेले. नेमकं तेव्हाच पुंगळ्या घासायचं मशीन बंद पडलं. आता पितळ काळवंडलेलं दिसलं की माझे हात शिवशिवतात. आमच्या घरी समई, तांब्या, देवाची घंटा, सगळं चिंचमिठाने लख्ख व्हायचं. अंकल परत येतील तेव्हा त्यांना चकित करावं, असा विचार माझ्या सुपीक डोक्यातून निघाला. विचारायचं कुणाला? कुणालाच नाही. मी मुळातच आगाऊ.

शनिवारी गेटवर पिशवी तपासताना गार्डने चिंचेचा गोळा बाहेर काढला. "आसाम," मी म्हटलं. इथे चिंचेला मलायमध्ये तेच म्हणतात. "फिश करी आह?" तो म्हणाला. मी मान डोलावली. कोण समजावत बसणार!

पहिल्या चौतीस पुंगळ्या अर्ध्या तासात सोन्यासारख्या निघाल्या. उरलेल्या चोवीस एका डब्यात भिजत घातल्या आणि नवऱ्याचा फोन आला. आठ दिवसांनी जहाजाला नेटवर्क मिळालं होतं. मी बाहेर पॅसेजमध्ये जाऊन बोलत बसले. सहा वाजता सेक्रेटरीने खोलीला कुलूप घातलं, मी त्याला हात केला आणि बोलत बोलतच निघाले. मेट्रो बेडोकला पोचता पोचता भिजत घातलेल्या पुंगळ्या आठवल्या. सेक्रेटरीला फोन केला तर म्हणाला, शस्त्रागार आता मंगळवारीच उघडेल, नियम म्हणजे नियम.

रविवारी नाशिकला आईला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, पितळ चिंचेत तीन दिवस राहिलं तर काय होतं गं?

"तीन दिवस?" आई ओरडलीच. "अगं, मी समई पाच मिनिटांच्या वर ठेवत नाही! लालसर पडतं ते, जीव निघून जातो त्याचा. कुणाची भांडी नासलीस?"

"कुणाची नाही," मी म्हटलं.

"इतकी शिकलीस, काय डोंबल उपयोग!" म्हणून तिने फोन ठेवला.

मंगळवारी अर्धी रजा टाकून गेले. अंकल माझ्या आधीच हजर, एका डोळ्यावर प्लॅस्टिकची झापड लावून. डबा त्यांच्या हातात होता. आतल्या पुंगळ्या तान्ह्या बाळाच्या तळव्यासारख्या गुलाबी झाल्या होत्या. त्यांनी एक उचलून पक्कडीत हलकेच दाबली. मान काडकन तुटली. आंबटाने पितळातलं जस्तच खाऊन टाकलं होतं.

"अंकल, हे मी केलं," मी म्हटलं, आणि चारचौघांत कधी न रडणाऱ्या मी तिथे भोकाड पसरलं.

ते एकेक पुंगळी भंगाराच्या पेटीत टाकत राहिले. चोवीस झाल्यावर म्हणाले, "इंडियन स्टाइल आह?" मग बोटं दाखवून, "हॅव थर्टी-फोर. नीड थर्टी. कॅन." म्हणजे जमेल.

पण खरी परीक्षा पुढेच होती. पुन्हा पुन्हा वापरून मानेला गेलेली बारीक चीर भिंगातूनही दिसत नाही. ती कानाने ओळखायची. टेबलावरच्या दगडी लादीवर वीतभर उंचीवरून पुंगळी सोडायची. धड असेल तर लांब टणत्कार, चिरलेली असेल तर नुसतंच टक. इतकी वर्षं अंकल हेच करत आले होते. आता त्यांना ना टण ऐकू येत होतं, ना टक.

"यू," ते म्हणाले, आणि स्वतःच्या कानाला हात लावून बोट माझ्याकडे केलं.

बाजारात माठ घेताना आई बोटाच्या पेराने दहा माठ वाजवायची आणि मलाही वाजवायला लावायची. कुंभार वैतागायचा. ते शिक्षण इथे कामाला येईल, असं तिला स्वप्नातही वाटलं नसेल. अंकल सोडत होते, मी ऐकत होते. सातवी बाद. बारावी बाद. मग एकविसावी, मग अठ्ठाविसावी. चार गेल्या, बरोबर तीस उरत होत्या. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता.

तेहेतिसावी पडली. टक.

"अगेन," मी म्हटलं. टक. पुन्हा एकदा. टकच. देवा, जरा तरी वाज ना गं बाई!

अंकल माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नुसती मान डोलावली असती तर त्यांच्या तीस पुऱ्या झाल्या असत्या. कुणाला कळणार होतं? पण हीच पुंगळी त्यांच्या हातात फाटली, तर? गरम वायू मागे उसळून नुकत्याच नीट केलेल्या त्या डोळ्यावर आला, तर? आधीच त्यांच्या चोवीस पुंगळ्या मी नासवल्या होत्या.

"नो, अंकल," मी म्हटलं. "क्रॅक्ड."

"शुअर?"

"शुअर."

त्यांनी ती पेटीत टाकली. चौतिसावी छान वाजली. उरल्या एकोणतीस. त्यांनी त्या हळूच रुमालाने पुसल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

स्पर्धेच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. अंकल सावकाश एकेक गोळी झाडत होते. डोळ्यावरची झापड निघाली होती. एकोणतिसावी नवाच्या वर्तुळात गेली. आता थांबायचं, एक शून्य पदरात घ्यायचं. पण ते हटले नाहीत. रिकामं पिस्तूल त्यांनी उघडून रेंज ऑफिसरला दाखवलं. त्याने क्षणभर विचार करून मान डोलावली. अंकलनी हात उचलला, श्वास अर्धा सोडला, इतर एकोणतीस वेळा घेतला होता तितकाच वेळ घेतला, आणि चाप ओढला. खट्.

मग कानावरची झाकणं काढून थेट माझ्याकडे वळले. "गर्ल! यू हिअर ऑर नॉट?"

डोळे भरून आले होते, पण आवाज काढला. "हर्ड, अंकल! टेन!"

"टेन," ते रेंज ऑफिसरला म्हणाले. त्याने हसत हसत शून्य लिहिलं. अंकलनी पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि माझ्यापर्यंत चालत आले.

"दुसऱ्या पिस्तुलांच्या पण पुंगळ्या आहेत," असं काहीसं ते त्यांच्या इंग्रजीत म्हणाले. "सॅटर्डे, कम अर्ली. ब्रिंग द इअर्स." मग बोट उगारून, "नो आसाम."