पाळण्यातून आलेले ‘पुरे’

उंडीच्या कडू तेलाला एक उग्र, हिरवट वास असतो. एकदा नाकात शिरला की दिवसभर निघत नाही. महाशिवरात्रीच्या दुपारी वेळणेश्वरच्या जत्रेत शिरताना खाऱ्या वाऱ्यावरून तो वास आला की मी ओळखतो, पाळणा उभा राहिला आणि धाकूदादाने त्याच्या कण्याला तेल पाजले. मागोमाग लाकडाची ती संथ करकर ऐकू येते. आयुष्यभर शाळामास्तरकी केली, पुष्कळ घंटा ऐकल्या. पण माझे पाऊल आपोआप जलद पडावे असा आवाज हा एकच.

पाळणा तरी केवढा! दोन खांब, मध्ये आडवा कणा आणि त्याला टांगलेले चार लाकडी पाळणे. यंत्र नाही, वीज नाही. धाकूदादा खाली उभा राहून हातांनी तो ढकलायचा आणि वेग कमी पडला की दांडीला लोंबकळून आपले वजन त्याला द्यायचा. त्याचे नेम मात्र देवळातल्या नेमांइतके कडक. पहिली फेरी रिकाम्या पाळण्यांची, ती देवाची. वहाणा खाली काढून मगच पाळण्यात पाय ठेवायचा, कारण सकाळी त्याची पूजा झालेली असे. आणि तिसरा नेम असा की फेऱ्या मोजायच्या नाहीत. वर बसलेल्याने ‘पुरे’ म्हटले की पाळणा थांबवायचा. मी एकदा कौतुकाने विचारले, तर तो म्हणाला, “वरच्यानं पुरं म्हटलान की पुरं, गुर्जी. खाली हुबं ऱ्हाणाऱ्याचं आपण आयकत नाय.” केवढा साधा आणि केवढा शहाणा कायदा! आणि तो आयुष्यात एकदाच त्याने मोडला, तो माझ्यामुळे.

माझी मुलगी मेधा तेव्हा आठ वर्षांची होती. भित्री नव्हे, पण हळवी. अंगणात बेडूक दिसला तरी चार पावले मागे सरणारी. त्या वर्षी ती हट्टाने एकटी पाळण्यात बसली. तिसऱ्या फेरीला वरून तिचा आवाज आला, “पुरे!” धाकूदादाचे हात तत्क्षणी सैल झाले. मी मात्र त्याला म्हणालो, “होऊ दे अजून. भीती मोडली पाहिजे तिची.” त्याची दोन्ही मुले माझ्या वर्गात होती. त्याने एकदा वर पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा पाळणा ढकलला. आणखी सात-आठ फेऱ्या झाल्या. मेधा खाली आली, वहाणा घातल्या, माझे बोट धरले नाही. सुरूच्या बनातून परतताना तिने एवढेच विचारले, “अण्णा, तुम्हाला ऐकू आलं नाही का?” आणि मी, मुलांना सत्य बोलायला शिकवणारा मास्तर, चटकन म्हणून गेलो, “नाही गं, एवढ्या गोंगाटात कसं ऐकू येणार?”

त्यानंतर मेधा कुठल्याच पाळण्यात बसली नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुंबईजवळ तसल्या खेळांची मोठी उद्याने निघाली, आमच्या शाळेची सहल गेली, तेव्हा सुट्टीवर आलेली मेधा आमच्याबरोबर होती. तिने दिवसभर सर्वांच्या पिशव्या सांभाळल्या. मला ते दिसत होते. दिसलेल्या गोष्टीकडे कानाडोळा करण्याची कला मास्तरांना फार लवकर साधते.

पुढे ती लग्न होऊन अमेरिकेला गेली. निवृत्तीनंतर, दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात, आम्ही उभयता तिच्याकडे गेलो आणि एका रविवारी नऊ वर्षांच्या नातीसह, मनवासह, तिथले एक भव्य क्रीडा-उद्यान पाहायला निघालो. काय ते वैभव! खोटे पर्वत, खरे धबधबे, फुलांचे ताटवे, तासाला पाच वेळा झाडले जाणारे रस्ते. रांगेत किती मिनिटे उभे राहावे लागेल हे सांगणारी पाटी आणि मुलांची उंची मोजणारी पट्टी! आपल्याकडे पोर आईच्या मांडीवर मावले की झाले. पाळणे तर किती परींचे: आकाशात भिरकावणारे, पाण्यात बुडवणारे, उलटे टांगणारे. मन दिपून गेले हे कबूलच केले पाहिजे. ही आमची सौभाग्यवती तर एका बाकावर बसून, हात जोडावेत की तोंडाला पदर लावावा, या विचारात पडली होती.

मनवाने मला रुळांवरून चढ-उतार करणाऱ्या एका लोखंडी डोंगरगाडीत ओढले. मेधा नेहमीप्रमाणे खाली थांबली. गाडी फलाटाला लागली आणि माझ्या हातून सवयीची गोष्ट घडली. मी वहाणा काढून कडेला नीट जोडून ठेवल्या, गाडीच्या काठाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि मग आत पाय ठेवला. तिथली गणवेशातली मुलगी काहीतरी बोलली, ते मला कळण्याआधीच मांडीवर लोखंडी दांडा येऊन बसला आणि आम्ही निघालो.

चढण संथ होती. वरून दूरवरचे तळे दिसले, गाड्यांचे मैदान दिसले, क्षणभर फार सुंदर वाटले. आणि मग जमीनच सुटली! चष्मा मी मुठीत धरला, शेजारी मनवा आनंदाने किंचाळत होती. पहिल्या उतारालाच मी ओरडलो, “पुरे!” दुसऱ्याला ओरडलो, “पुरे रे, पुरे!” कोणाला ओरडत होतो मी? खाली कोणी धाकूदादा नव्हता. तिथे एक यंत्र होते, आणि यंत्राला ठरलेला फेरा पुरा करायचा होता. आपण जिवाच्या आकांताने हाक मारावी आणि ती कुठेच पोचू नये, हे किती भयंकर असते! साठी उलटलेला मी त्या दांड्याला घट्ट धरून बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर आठ वर्षांचे एक तोंड येत होते. आणि तिची हाक तर पोचली होती!

गाडी थांबली ती दुसऱ्याच बाजूला. तिकडे चढायचे एका अंगाने आणि उतरायचे दुसऱ्या अंगाने. आपला पाळणा माणसाला जिथून उचलतो तिथेच, त्याच्या वहाणांपाशी, आणून ठेवतो. हे मला तोवर कधी विशेष वाटले नव्हते. मी अनवाणी, तापलेल्या सिमेंटवर पाय आलटूनपालटून टाकत बाहेर आलो. बाहेर एका पडद्यावर, गाडी कोसळत असताना टिपलेली आम्हा सर्वांची छायाचित्रे झळकत होती. मनवा खदखदून हसत होती. तिच्या शेजारी मी, डोळे मिटलेले, तोंड उघडे.

मेधा त्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, “अण्णा, काय म्हणत होतात हो?”

“पुरे म्हणत होतो,” मी म्हणालो. मला वाटले, आता नाही तर कधीच नाही. “मेधा, त्या दिवशी जत्रेत मला ऐकू आलं होतं. मी खोटं बोललो तुझ्याशी.”

तिने माझ्याकडे पाहिले नाही. “ठाऊक होतं मला,” ती हळू आवाजात म्हणाली. “धाकूदादाचे हात थांबले, तुम्ही काहीतरी बोललात, मग त्याने परत ढकललं. वरून सगळं दिसतं, अण्णा.” एवढे बोलून ती माझ्या वहाणा आणायला पलीकडच्या फलाटाकडे वळली.

पंचवीस-सव्वीस वर्षे तिने हे जाणून माझा मान राखला होता! मी तिला भित्री समजत आलो. मी त्या परक्या उन्हात उभा राहून रडलो, आणि मनवाला वाटले, आजोबा अजून घाबरलेलेच आहेत.

पुढच्या महाशिवरात्रीला मेधा मनवाची शाळा बुडवून घरी आली. जत्रेत जाऊ, हे तीच म्हणाली. धाकूदादा आता खांबाला टेकून बसलेला असतो. पाळणा त्याचा मुलगा ढकलतो. मला पाहून म्हातारा हसला, मेधाला त्याने ओळखले आणि मुलाला म्हणाला, “गुर्जींची चेडू हाय. सांभाळून रे.” मायलेकींनी वहाणा काढल्या. मेधाने काठाला हात लावला, क्षणभर थांबली आणि चढून बसली.

मी खाली उभा राहिलो. माझे कान आता पूर्वीसारखे राहिले नाहीत. दूधवाल्याची हाकही सौभाग्यवतीला मला सांगावी लागते. त्यात समुद्राची गाज, पिपाण्या, गुळाच्या खाज्यावाल्यांचा पुकारा आणि कण्याची करकर. तेलाचा तो कडू वास भोवती दाटला होता. मी मान वर करून, श्वास रोखून उभा होतो. एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. मनवा हसताना दिसत होती, मेधाचे डोळे मिटलेले होते. सहाव्या फेरीला, पाळणा अगदी शेंड्याला असताना, मला काहीतरी ऐकू आल्यासारखे वाटले. पोरगा तर ढकलतच होता. “थांबव रे!” मी ओरडलो. “पुरे म्हणाली ती!”

पाळणा संथ झाला आणि मेधा खाली आली, तिच्या वहाणांपाशी. चेहरा पांढरा पडला होता, केस विस्कटले होते. वहाणा घालता घालता तिने आधारासाठी माझा हात धरला, आणि मग तो सोडला नाही.

“मुद्दाम हळू म्हटलं होतं,” ती म्हणाली.