बायकांच्या बाजूचा बाक

पत्नी गेल्यानंतर मी चर्चला जाणं जवळजवळ सोडलं होतं. आमच्या अमरावतीच्या मंडळीत पुरुष उजवीकडे बसतात, बायका डावीकडे. माझ्या जागेवरून मान जराशी मागे वळवली की खिडकीजवळची तिची जागा दिसे, आणि मग प्रार्थना पुढे सरकत नसे. अशातच पाळकसाहेबांचा निरोप आला, पुरुष मंडळाला नवा अध्यक्ष हवा. तुम्ही मंडळातले जुने, रविवारी उपासनेनंतर नाव तुम्हीच सुचवा. ज्याचा स्वतःचाच विश्वास डळमळलेला, त्यानं इतरांसाठी पुढारी कसा निवडावा? तरी एक नाव मनात होतं. अकोल्याहून बदलून आलेले एक गृहस्थ फार सुंदर प्रार्थना करत, आणि आमच्याकडे अध्यक्ष निवडतात तो प्रार्थना ऐकूनच.

त्या रविवारी मी दारापर्यंत गेलो आणि तिथंच थांबलो. आत गीत सुरू झालं. तेवढ्यात नेहमीप्रमाणे उशिरा विल्सनभाऊ आले. शेंदूरजनाघाटकडचे संत्र्यांचे व्यापारी. आवाज मोठा, प्रार्थना दोन वाक्यांची. मी त्यांना कधी फारसं मोजलं नव्हतं.

"काहून उभे, सर?"

तिची रिकामी जागा बघवत नाही, मी खरं तेच सांगितलं.

"मंग रिकामी काहून ठेवता? तुमीच बसा तिथं."

"अहो, ती बायकांची बाजू."

"बाया काय खाऊन टाकतीन तुमाले? चाला, मी बी येतो."

सगळ्यांच्या देखत आम्ही दोघे तिकडे जाऊन बसलो. तिच्या शेजारी बसणाऱ्या मार्थाकाकू सरकल्या आणि पुटपुटल्या, "बसा सर. विल्सन, तू मातर म्हशीवानी रेकू नोको."

तिथून समोर माझी नेहमीची जागा स्वच्छ दिसत होती. म्हणजे इतकी वर्षं ती मला बघत होती. मला हे कधी कळलंच नव्हतं. गाता गाता मला रडू फुटलं. विल्सनभाऊंनी पाठीवर हात ठेवला. आणि कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून आपसूक "प्रभू" निघालं.

उपासनेनंतर मी विल्सनभाऊंचं नाव घेतलं.

"मले? सर, मले धड प्रार्थना तरी येते काय?"

"बाहेर कोण राहिलं, ते तुम्हाला दिसतं," मी म्हणालो. पाठिंब्याचा पहिला हात अकोल्याच्या त्या गृहस्थांचा वर झाला.

ही निवड मी केली, असं आजही वाटत नाही. विचार करून मी दुसऱ्याच नावापाशी पोचलो होतो. देवानं मला आधी माझ्या दुःखाशेजारी बसवलं, मग नाव दिलं. त्याचे आभार कसे मानावेत, ते अजून नीट जमत नाही. म्हणून हल्ली मीही दोनच वाक्यांत प्रार्थना करतो आणि बाकीचं त्याच्यावर सोडतो.