मुरुडच्या नळीतला बर्फ

सकाळी सहालाच मुरुडहून हणमंतरावांचा फोन. "दादा, नळी पुन्हा चोंदली. गॅस न्यायची गाडी तीनला येणार हाय, अन् आज रिकामी गेली तर करार मोडला."

हणमंतराव शेण-मळीपासून गॅस बनवतात. गॅसबरोबर ओल असली, की दाबाखाली नळीत दोन्हींचा बर्फासारखा गोळा होतो. तो होऊ नये म्हणून आत ग्लायकॉल सोडतात. ते मी नांदेडहून पुरवतो. गाडी दोनदा रिकामी परतली होती. एक कॅन डिकीत टाकला, गफूरमिस्त्रींना उचललं आणि निघालो.

लोहा, अहमदपूर, लातूर, मग बार्शी रोडनं मुरुड. चार तास धरा. हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलात तर त्याहून जास्त. अहमदपूरला स्टँडसमोर भजी-चहा घ्याच, आमचं दोघांचं साठ रुपयांत भागलं.

पोचलो तर हणमंतराव हातोडा घेऊन नळीपाशी.

"ठोकू नका, मालक!" गफूरभाई ओरडले. "गोळा सुटला तर बंदुकीच्या गोळीवानी जाईल." त्यांनी दोन्हीकडून हळूहळू दाब उतरवला आणि गोळा विरायची वाट बघत बसले.

तोवर मी ग्लायकॉलच्या टाकीत बोट बुडवलं. चिकट लागायला हवं होतं, लागलं नाही.

"हणमंतराव, ह्यात काय घातलंय?"

"तुमचंच की. पंधरा लिटरला दोन टोपणं, बाकी पाणी. फवारणीला मोजतो तसंच."

गफूरभाई हसून हसून खाली बसले. "वा मालक! पाण्यानं चोंदलेल्या नळीला पाणीच पाजून राहिलात!"

मलाही हसू आलं, पण हणमंतरावांचा चेहरा बघून विरलं. साऱ्या जन्मात हातात आलेला प्रत्येक कॅन त्यांनी पाणी घालूनच वापरला होता. न घालता वापरायचा, हे मी सांगितलंच नव्हतं. कॅनवरची चिठ्ठी इंग्रजीत. ड्रम धुण्यापासून धंद्याला लागलो तेव्हा मला तरी कुठं वाचता येत होती?

टाकी रिकामी करून निव्वळ ग्लायकॉल भरलं. दीडला नळी मोकळी झाली. तीनला गाडी आली, भरू लागली.

"दोनदा काय झालं होतं हो?" ड्रायव्हरनं विचारलं.

हणमंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. "थंडी लई होती," एवढंच म्हणाले.

मागून माझ्या डिकीत गुळाची ढेप ठेवली, ती वेगळीच.

घरी येऊन आठवडा झाला, गूळ संपत आला. आता दुकानातून निघणाऱ्या प्रत्येक कॅनवर मी स्वतः मराठीत एक ओळ लिहितो. काय लिहू, म्हणून हणमंतरावांनाच फोन केला होता. ते म्हणाले, "लिहा की, पाणी घालू नका. नळीत आधीच लई हाय."

तसंच लिहितो.