तांबेऱ्याच्या तोंडचे शब्द

माझा थोरला भाऊ तांबेरा लिहायचा. तांबेरा म्हणजे मुखवटा घातलेला नायक. त्याने बोट लावलं की बंदूक असो नाहीतर तिजोरी, जागच्या जागी गंजायची. बावीस वर्षं दादाने त्याच्या चित्रकथा लिहिल्या. चित्रकार पानं काढायचा आणि सगळ्यांत शेवटी पात्रांच्या बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं मी भरायचे. माझं मानेचं दुखणं त्या फुग्यांचंच आहे.

पुढे तांबेऱ्यावर सिनेमे निघाले. पहिल्याची पटकथा दादाची, दुसऱ्याचीही त्याचीच. दुसऱ्याच्या पहिल्या खेळाला आईला घेऊन गेलो, तर पडद्यावर लेखक म्हणून नाव आलं दिग्दर्शकाच्या मेव्हण्याचं. त्या माणसाने जन्मात वाणसामानाची यादीसुद्धा धड लिहिली नसेल. आई म्हणाली, "तुझं नाव येऊन गेलं का रे? मी चष्मा पुसत होते."

"हो, गेलं," दादा म्हणाला.

मला दिग्दर्शकाचा गळा आवळावासा वाटला. अजून वाटतो.

दादा दिसायला गरीब गाय, पण डूख धरला की सोडत नाही. तिसऱ्या सिनेमातून त्याला काढूनच टाकलं. गोष्ट मात्र त्याच्याच नव्या अंकातली हवी होती. अंक आणि सिनेमा एकाच दिवशी बाहेर पडणार होते. सिनेमावाल्यांची एक खोड होती. चित्रं झाली रे झाली की पानं मागवून न्यायची, अक्षरांसाठी थांबायचं नाही. "शब्द काय, मेव्हणा घालेल," असं दिग्दर्शक आमच्या संपादकांच्या तोंडावर म्हणाला होता.

दादाने चित्रकाराकडून दिग्दर्शकाला हवी तशी चित्रं काढून घेतली. दारात पडलेला मुखवटा, तो उचलणारा हात, मग मारामाऱ्या, शेवटी गच्चीवर हात उंचावलेला तांबेरा आणि खाली गर्दी. शब्दांत मात्र खरा तांबेरा दुसऱ्या पानावरच शहर सोडून जातो आणि मुखवटा एका भुरट्या चोराच्या हाती लागतो. आख्ख्या अंकात एकही वस्तू गंजत नाही, हे सिनेमावाल्यांतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. संपादकांना ठाऊक होतं. तेही गप्प बसले. ते फुगे मी भरले. इतकी सुबक अक्षरं मी आयुष्यात काढली नव्हती.

पहिल्या खेळाला पोरं बाहेरच अंक वाचून आत शिरली. गच्चीवरच्या प्रसंगाला जोरात वाद्यं वाजत असताना एक मुलगी म्हणाली, "हा तर चोर आहे." आधी तिची रांग हसली, मग सगळं थिएटर. बाहेर पडताना दिग्दर्शकाने दादाला गाठलं. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"सांगायचं तरी होतंस."

"अंकात छापलंय," दादा म्हणाला.

आम्ही घरी आलो. जिन्यात थांबून दादा म्हणाला, "पोरं तांबेऱ्याला हसली गं."

त्यानंतर त्याने तांबेऱ्याची एक ओळ लिहिली नाही. त्याला पश्चात्ताप झाला असेल, विचारायचा माझा धीर होत नाही. मला विचाराल, तर ते फुगे मी आजही पुन्हा भरेन.